विषय क्रमांक चार, माझी मारहाण

आमच्या सोसायटीच्या मासिक सभेत गेल्या वर्षी, माझा नवरा मला मारतो, हा विषय चर्चेला घेण्यात आला. विषयपत्रिकेवर मी चौथ्या क्रमांकावर होते. माझ्या आधी पाण्याची टाकी धुणे, लिफ्टमधला फुटका आरसा आणि पार्किंगमधल्या कुत्र्याला खायला कोण घालतं, हे तीन विषय होते. सूचना जिन्याखालच्या फलकावर लावली होती. तिच्यात अध्यक्षांनी आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'तिसऱ्या मजल्यावरील घरगुती प्रकाराबाबत विचारविनिमय'. तिसऱ्या मजल्यावर दोनच फ्लॅट आहेत आणि समोरच्याला वर्षभर कुलूप आहे. तेव्हा विचार आणि विनिमय कुणाबद्दल व्हायचा होता, हे नारायण पेठेतल्या पोस्टमनलाही कळलं असतं.

हे सगळं हास्यास्पद होतं आणि मी ते तसंच सांगणार आहे. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते. त्याच दिवसांत आमच्या इमारतीत एक बाई खरोखर मार खात होती. ती मी नव्हे. ती बरोबर माझ्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर राहत होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला, जिचा धंदाच तो आहे! ते येईलच पुढे. आधी माझा मार सांगते.

मी मालिका लिहिते. टीव्हीवरच्या नाही, मोबाइलवर ऐकायच्या. लोक भाजी निवडताना किंवा हिंजवडीच्या वाटेवर कंपनीच्या बसमध्ये अडकून पडलेले असताना त्या कानात घालून ऐकतात. माझ्या मालिकेतली नायिका सोशिक होती, कारण सोशिक नायिकेला श्रोते जास्त मिळतात. मालिकेची संपादक एक सव्वीस वर्षांची मुलगी आहे. ती मला दर सोमवारी फोन करून सांगायची, "मॅम, तिसऱ्या मिनिटाला एक थप्पड येऊ द्या. नाहीतर लिसनर ड्रॉप होतात." मी देत होते. तिसाव्या भागापर्यंत माझ्या नायिकेने जेवढा मार खाल्ला होता तेवढ्यात एखादा पैलवान आडवा झाला असता.

लिहायचं मी, नायिकेचा आवाज माझा, आणि मागचे आवाजही घरीच करायचे. थपडेसाठी कणीक जरा सैल मळायची, परातीत गोळा ठेवायचा आणि ओला हात सपकन मारायचा. इतकी सणसणीत थप्पड खऱ्या गालावर वाजत नाही. हात पिरगाळण्यासाठी शेवग्याची शेंग. डोकं भिंतीवर आपटायचं तर लाल भोपळा पंच्यात गुंडाळून ओट्यावर टाकायचा. दुधी चालत नाही, त्याचा आवाज फारच बावळट येतो. संध्याकाळी याच मुद्देमालाचा स्वयंपाक व्हायचा. ज्या दिवशी मारहाण असे त्या दिवशी आमच्याकडे पोळ्या फार मऊ होत.

निवेदन मी बेडरूममधल्या कपाटात बसून करायची. त्यातले कपडे काढून आत चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या होत्या. पण कपाटात दोन माणसं आणि परात मावत नाही, म्हणून भांडणं स्वयंपाकघरात. आणि आमच्या इमारतीतल्या झाडून सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. त्या डक्टमधून फोडणीचा वास जातो तसा शब्द न् शब्द जातो, हे मला माहीत होतं. तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही, कारण ही मालिका आहे हे मला माहीत होतं. इतरांना माहीत नाही, एवढंच फक्त मी विसरले.

त्यात खलनायकाचा आवाज करणाऱ्या नटाला टीव्हीवर काम मिळालं आणि तो मला सोडून गेला. उरले आमचे हे. यांची कंपनी हिंजवडीत, पण आठवड्यातले तीन दिवस घरून काम. यांनी जन्मात एकदाच आवाज चढवला आहे, गॅसचा टेम्पो आमचं घर सोडून पुढे निघाला होता तेव्हा. असा माणूस मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत परातीशेजारी उभा केला आणि त्यांच्या हातात कागद दिला. वाक्य होतं, "आज पुन्हा मीठ जास्त? किती वेळा सांगायचं तुला!" यांनी ते असं म्हटलं की जणू मीठ जास्त असल्यास कृपया कळवावे.

"अहो, मारताय की मीटिंग घेताय?" मी म्हणाले. "जोरात!"

पुन्हा मीठ. पुन्हा थप्पड. पुन्हा माझी किंकाळी.

"अहो, असं कुणी मारतं का? एवढ्याने कोण रडेल? अजून जोरात!"

त्या दुपारी ते वाक्य आम्ही चौदा वेळा केलं. चौदा वेळा मीठ जास्त झालं, चौदा वेळा सपकन आवाज झाला, चौदा वेळा मी ओरडले आणि प्रत्येक वेळी, नवरा कमी पडतोय म्हणून त्याच्यावर खेकसले. मध्येच हे हळूच विचारायचे, "लागलं का ग हाताला?" कारण कणीक मीच थापटत होते. ते मात्र इतकं हळू, की ते डक्टमध्ये पोचलं नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात, कपाटातून घाईने बाहेर येताना मी वरच्या फळीवर कपाळ आपटून घेतलं. भुवईच्या वर चांगलं टेंगूळ आलं, दुसऱ्या दिवशी ते निळं पडलं. इस्त्रीवाल्याने विचारलं तर मी सांगितलं, "काही नाही हो, कपाटाला धडकले." सांगता सांगताच माझी जीभ अडखळली. कारण हे वाक्य मी माझ्या नायिकेच्या तोंडी अकरा वेळा घातलं होतं, शेजारणींशी खोटं बोलायला. आता खरं सांगायला माझ्याकडे दुसरं वाक्यच नव्हतं. इस्त्रीवाल्याने मान हलवली आणि यांचे शर्ट आधी करून द्यायचे सोडून शेवटी टाकले.

मग विरजण सुरू झालं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी वाटी घेऊन आल्या, "जरा विरजण आहे का हो, आमचं दही बिघडलं." मी द्यायला आत गेले तर मागोमाग स्वयंपाकघरात. नजर माझ्या कपाळावर, मग दंडांवर, मग गळ्यावर. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या. मग पाचव्या. एका आठवड्यात मी सहा घरांना विरजण दिलं. एवढ्या घरांचं दही एकदम बिघडतं म्हणजे काय, याचा मी दूधवाल्याला जाब विचारणार होते.

वहिनी दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मात्र त्यांनी माझा हात हातात घेतला. "मनावर घेऊ नका," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही उलट बोलता हो. मी स्वतः ऐकलं, तुम्ही त्यांना 'अजून जोरात' म्हणत होतात. असं डिवचू नये माणसाला."

माझा तिथेच संताप संताप झाला! खरा मार खाल्ला असता तरी मला हेच ऐकवलं असतं की नाही बाईंनी? मी एकदम सगळा खुलासा करायला गेले, "अहो, ती मालिका आहे, ती कणीक आहे," तर त्या माझ्याकडे फार करुणेने बघायला लागल्या. "हो हो," त्या म्हणाल्या, "कणीकच आहे." आणि विरजण घेऊन गेल्या.

बाकीच्यांची मतं मला वळणावळणाने कळत गेली. पाचव्या मजल्यावरच्यांना वाटलं, शिकल्यासवरलेल्यांत असं नसतं, म्हणजे आमच्या शिक्षणातच काहीतरी खोट असणार. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचं म्हणणं होतं की एवढा गरीब माणूस हात उचलतो, म्हणजे बाईने त्याला किती छळलं असेल. अध्यक्षांनी तर यांना लिफ्टमध्ये गाठून एकच प्रश्न विचारला, "हे आवाज न करता जमत नाही का?"

आणि आमचे हे? यांना लिफ्टमध्ये लोक जागा करून द्यायला लागले. पार्किंगमध्ये यांच्या स्कूटरसमोर आडवी गाडी लावणारा मुलगा न सांगता गाडी काढायला लागला. जन्मात पहिल्यांदा यांना कुणीतरी घाबरत होतं. मी बघत होते, हे जिना उतरताना छाती काढून चालत होते. "काही दिवस राहू दे की," हे म्हणाले, "मग सांगू सगळ्यांना." त्या दिवशी मात्र मी यांना खरोखरच मारलं असतं.

तर ती सभा. रविवारी सकाळी दहा वाजता, पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी परात, कणीक, शेंगा आणि भोपळा घेऊनच खाली उतरले. विषय क्रमांक चार पुकारला गेल्यावर अध्यक्षांनी घसा साफ केला. ते काही बोलायच्या आत मी मोबाइलवर एकेचाळिसावा भाग लावला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कणकेला थप्पड मारली. मग पाचव्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, ही ती मालिका! म्हणजे ती तुम्ही?" त्या पहिल्या भागापासून ऐकत होत्या. डक्टमधून माझ्या आवाजाला घाबरायच्या आणि कानातून त्याच आवाजासाठी रडायच्या, आणि दोन्ही आवाज एकच आहेत हे त्यांना एकदाही कळलं नाही.

मग काय, जत्राच भरली. प्रत्येकाला थप्पड मारून बघायची होती. वहिनींनी भोपळा आपटला. लिफ्टच्या आरशाबद्दल भांडणारे दोघे एकाच शेंगेची दोन टोकं धरून पिरगाळत होते. कुणीतरी अध्यक्षांच्या हातात माझा कागद दिला, आणि निवृत्तीनंतर कुणी काहीच वाचायला देत नाही अशा थाटात त्यांनी चष्मा लावला. "आज पुन्हा मीठ जास्त?" असं काही ते म्हणाले, की पार्किंगमधलं कुत्रं उठून रस्त्यावर गेलं. मी त्यांना तिथल्या तिथे खलनायक म्हणून घेतलं. सगळे पोट धरून हसत होते. अध्यक्षांच्या बायको तेवढ्या हसल्या नाहीत, पण त्या तशाही कुणी हसताना पाहिलेल्या नाहीत.

इथवर माझी गंमत. आता माझा प्रताप.

आयत्या वेळच्या विषयांत मी हात वर केला. म्हटलं, सगळे खुशीत आहेत तोवर माझं काम करून घेऊ. माझ्या वरच्या फ्लॅटमध्ये मिक्सर लावतात. सकाळी नाही, दुपारी तीनला लावतात, संध्याकाळी लावतात, कधीही लावतात, आणि दहा-दहा मिनिटं चालू ठेवतात. माझी किती रेकॉर्डिंग त्यात वाया गेली. "दोन माणसं," मी म्हणाले, "इतकी चटणी खातात तरी कशाबरोबर?" जोरदार हशा पिकला. वरच्या फ्लॅटमधला नवरा लगेच उभा राहिला. मुलगा आमच्या सगळ्यांचा लाडका, पुण्यातच वाढलेला, आमच्या यांच्यासारखाच अर्धा आठवडा घरून काम करणारा, कुणाच्याही हातातली जड पिशवी घेणारा. हात जोडून म्हणाला, "सॉरी मॅडम, यापुढे होणार नाही." त्याची बायको शेजारी मोबाइलमध्ये मान घालून बसली होती. चंद्रपूरकडची मुलगी, आधी हिंजवडीत नोकरी करायची, लग्नानंतर सोडली. मिक्सर सकाळी आठ ते अकराच लावावा, असा ठराव दोन मिनिटांत एकमताने मंजूर झाला. आमच्या सोसायटीत इतक्या लवकर काहीही मंजूर झालेलं मला आठवत नाही.

आठ-दहा दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास ती माझ्या दारात आली. मी सवयीने म्हणाले, "विरजण?"

"नाही काकू. तो ठराव मागे घेता येते का, ते विचारायला आली."

"कुठला ठराव?"

"मिक्सरचा."

मी वैतागलेच. रेकॉर्डिंग म्हणजे काय, एकेका वाक्याला किती कष्ट पडतात, यावर मी तिला उभ्या उभ्या पाच मिनिटं ऐकवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग पायपुसण्याकडे बघत म्हणाली, "मिक्सर मी लावते, काकू. त्याचा हात उठला की लावते. डक्टमधून खाली जाऊ नये म्हणून. आता लावता येत नाही, तर ओढणी धरावी लागते तोंडात."

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. आणि तरी खरं लिहायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा प्रसंग मला सुचायला हवा होता. दुसऱ्या विचाराला मला त्याची लाज वाटली, पण पहिला येऊन गेला होता.

मी तिला आत बसवलं, चहा टाकला. आणि बघते तर मी तिच्या तोंडाकडे, दंडांकडे अगदी तशीच चोरून बघत होते जशा त्या सहा बायका माझ्याकडे बघून गेल्या होत्या. काहीही दिसत नव्हतं. केस नीट विंचरलेले, इस्त्रीचा कुर्ता. आमच्या मालिकांत अशा बाईची टिकली नेहमी विस्कटलेली असते. हिची जागच्या जागी होती.

"पोलिसांत जाऊ या," मी म्हणाले. "मी येते बरोबर."

"आधी भावाशी बोलू द्या," ती म्हणाली. मग चहाचा कप दोन्ही हातांत धरून एकदम म्हणाली, "मी तुमची मालिका ऐकून राहिली होती ना, काकू. स्वयंपाक करताना. एक विचारू? तो तुमचा माणूस मारायच्या आधी इतकं बोलते कशाला?"

मी बिस्किटांचा डबा पुढे केला.

"आणि बेचाळीसव्या भागात ती घर सोडून जाते, तर अनवाणी का जाते? भर पावसात? चप्पल घालायला तर तो नाही म्हणत नाहीये ना."

"ते जरा परिणामासाठी," मी पुटपुटले.

"बरं. आणि त्रेचाळीसव्या भागात सहा महिने होऊन गेले, तिचं पोळीभाजी केंद्र चालू झालं. मग मधे ती कुठे होती? उंबरठा ओलांडला, वाजवलं तुम्ही सगळं, ठीक आहे. पण त्या रात्री ती झोपली कुठे? मी तो भाग तीनदा ऐकला, मला वाटलं माझंच काही सुटलं."

"मध्ये जाहिरात होती," मी म्हणाले. खरंच, मी हे म्हणाले.

ती हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहत होते. पण हसू ओसरल्यावरही ती माझ्याकडे बघतच राहिली, आणि माझ्या लक्षात आलं की ही मला चिडवत नाहीये. तिला ते उत्तर हवं होतं. तिच्या माहितीत अशी घर सोडलेली बाई एकच होती, आणि ती मी लिहिलेली होती.

मग आम्ही दोघींनी कागद घेतला. नायिका घर सोडताना काय काय घेईल, असंच म्हणून लिहायला बसलो. तिला तसं सोपं गेलं. मी 'आईचा फोटो' म्हणाले. ती म्हणाली, "आधार कार्ड. मार्कशीट. थायरॉइडच्या गोळ्या. चार्जर." फोटो मी खोडला. पुढचे आठ दिवस ती भाजीच्या पिशवीतून एकेक वस्तू खाली आणत होती आणि मी ती माझ्या कपाटात गोधड्यांमागे ठेवत होते. पंचेचाळिसाव्या भागाचं निवेदन नीट जमलं नव्हतं. ते मी पुन्हा केलं तेव्हा तिच्या पदवीच्या प्रमाणपत्रावर बसलेले होते.

ठरावाचंही करून बघितलं. अध्यक्षांकडे जाऊन म्हणाले, मिक्सरचा ठराव मागे घ्या. "कारण?" त्यांनी विचारलं. कारण सांगायचं नाही असं तिने बजावलं होतं. "मला त्या आवाजाची सवय झालीय," मी म्हणाले. "त्याशिवाय करमत नाही." अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई," ते म्हणाले, "तुमच्या घरात नक्की चाललंय काय?" ठराव तीन महिने बदलता येत नाही म्हणाले.

एका मंगळवारी नवरा कंपनीच्या बसने गेल्यावर ती आली. "चप्पल घातली बघा," ती म्हणाली. भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पोचणार होता, म्हणजे मधली एक रात्र आमच्याकडे. मी दिवसभर एखाद्या चढाईची तयारी करावी तशी तयारी करत होते. खलबत्त्यातला बत्ता दाराशी आणून ठेवला. वहिनींना सगळं सांगून ठेवलं, आरडाओरडा झाला तर वर या म्हणून.

साडेसातला बेल वाजली. मी बत्त्यापर्यंत पोचायच्या आत यांनी दार उघडलं होतं. "त्या इथे आहेत," हे नेहमीच्या आवाजात म्हणाले. "उद्या त्यांचे भाऊ येतायत. तुम्ही वर जा आता." तो मुलगा हसून म्हणाला, "सॉरी अंकल, छोटासा गैरसमज झालाय," आणि वर गेला. संपलं. माझ्या मालिकेत इथे निदान तीन मिनिटं तोडफोड झाली असती. यांनी दार लावलं, खुर्चीवर बसले आणि दोन तांबे पाणी प्यायले. मग दोन्ही हात यांनी मांडीखाली दाबून धरले. मला यांचा इतका अभिमान वाटला की मी सरळ पोळ्या लाटायला घेतल्या.

सकाळी बघते तर तिने चादर घडी करून, उशी वर ठेवून, सगळं नीट आवरलेलं. "छान झोपली पोर," मी यांना म्हणाले. नऊच्या सुमारास भाऊ आला, रिक्षा आली, ती गेली. इमारतीला दोन दिवसांत बातमी कळली आणि सगळ्यांना धक्का बसला. इतका सभ्य मुलगा! पिशव्या घेणारा! "पण कधी आवाज कसा आला नाही?" वहिनी मला म्हणाल्या. "तुमच्याकडचा कसा स्पष्ट यायचा."

चार-पाच महिन्यांनी तिचा फोन आला. नागपुरात भावाकडे होती, नोकरी मिळाली होती, वकिलाकडे जाणं-येणं चालू होतं. आवाज मोकळा वाटला. अध्यक्षांचा खलनायक तिला फार आवडला होता, "हे बरोबर आहेत," म्हणाली. मग विचारलं, "ते मधलं लिहिलं का, काकू? बेचाळीस आणि त्रेचाळीसच्या मधलं?"

"लिहिलं तर," मी उत्साहाने म्हणाले. "पहिल्या रात्री ती शेजारणीकडे राहते. आणि कितीतरी वर्षांनी गाढ झोपते. मस्त झालाय भाग."



"मी झोपली नव्हती, काकू."

"म्हणजे?"

"तुमच्या छतावर त्याच्या चालण्याचा आवाज येऊन राहिला होता. खुर्ची ओढली, ठेवली, परत ओढली. मी पोळ्या करून ठेवल्या नव्हत्या ना त्या दिवशी. तो जेवला की उपाशी बसला, रात्रभर तेवढंच डोक्यात."

मी भडकलेच. इतके दिवस जपून ठेवलेला सगळा राग बाहेर आला. "अगं, काय बाई आहेस तू?" मी फोनवर ओरडले. "ज्या माणसाने तुझे इतके हाल केले, त्याच्या पोटाची काळजी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? लाज कशी नाही वाटत?"

तिने माझं ओरडणं संपू दिलं. 

"म्हणूनच, काकू," ती म्हणाली, "इतके दिवस कोणाला सांगितलं नव्हतं."